ग्रीक नाण्याची सफाई आणि ओळख : गुजरीतील एका सेवेचा अनुभव

सोन्या-चांदीला उजाळा देणारे कारागीर कोल्हापूरच्या गुजरीत पावलोपावली भेटतात. मात्र प्राचीन नाण्याला उजाळा द्यायचा नसतो, हे जाणणारे मोजकेच. त्याच परिसरातील एका छोट्या कार्यशाळेकडे मी परदेशी लिलावात घेतलेले, माती आणि हिरव्या क्षारांचा जाड थर बसलेले कांस्याचे ग्रीक नाणे सफाई व ओळख अशा दोन्ही कामांसाठी दिले होते.

चिंच, लिंबू किंवा कोणतेही आम्ल वापरणार नसल्याचे कारागिरांनी आरंभीच स्पष्ट केले, कारण आम्ल वरच्या थराबरोबर धातूवर शतकानुशतके जमलेले संरक्षक आवरणही खाते आणि बारीक अक्षरे पुष्कळदा त्या आवरणातच टिकून असतात. नाणे डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून, पाणी वेळोवेळी बदलून, पुढचे काम त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बांबूच्या टोकदार काडीने केले. सुई फक्त अगदी कडक खपलीपुरती वापरली. क्लोराइडमुळे होणाऱ्या कांस्यरोगाची (ओलाव्यात धातू खात जाणाऱ्या गंजाची) फिकट हिरवी भुकटी कुठे दिसते का, हेही त्यांनी तपासले. कोल्हापूरच्या दमट पावसाळ्यात ही तपासणी अत्यावश्यकच म्हणावी लागेल.

सर्वप्रथम त्रिशूळ उघडा पडला, मग त्याच्या दोन्ही बाजूंचे डॉल्फिन, आणि शेवटी दांड्याच्या दोन्ही अंगांना विभागलेली 'हिएरोनोस' (म्हणजे 'हिएरोनचे') ही ग्रीक अक्षरे. दुसऱ्या बाजूला केसांना पट्टी बांधलेले पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाचे मस्तक असल्याने हे सिसिलीतील सिराक्यूजचा राजा दुसरा हिएरोन याचे नाणे ठरले. (कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडनची कांस्यमूर्ती आपल्या टाऊन हॉल संग्रहालयात असताना त्याच देवाचे नाणे गुजरीत ओळखले जावे, याचे मला कौतुक वाटले.) एक अक्षर अजून थराखालीच आहे; तेथे खपली आवरणाला इतकी घट्ट चिकटली होती की ती काढताना अक्षरही गेले असते, म्हणून त्यांनी हात आवरला. माझ्या मते या कामातील हाच सर्वांत मोलाचा निर्णय होता.

ओळखीचा अहवाल मात्र तोकडा आहे. त्यात वजन आणि व्यास असले तरी दोन्ही बाजूंच्या ठशांची परस्पर दिशा नोंदलेली नाही. काळ म्हणून इ.स.पू. २७० ते २१५ अशी जवळजवळ संपूर्ण राजवटच दिली आहे, वास्तविक त्रिशूळाचा हा प्रकार सामान्यतः तिच्या उत्तरार्धात धरला जातो. सफाईपूर्वीची छायाचित्रेही त्यांनी घेतली नव्हती, त्यामुळे ती आपणच काढून ठेवावीत. आधी ठरलेल्या दरात नंतर वाढ झाली नाही. नाणे ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह परत मिळाले, पण पुडी केव्हा बदलावी ही सूचना तोंडीच होती. ती लेखी द्यायला हवी.