कागद पाहून लाल शाई भरा

फाउंटन पेनची लाल शाई म्हटली की सांगली-साताऱ्याकडच्या स्टेशनरीच्या दुकानात आजही कॅमलची बाटली आठवते. १९३१ साली दांडेकरांनी शाईची पूड आणि गोळ्या विकायला सुरुवात केली, तोच हा कॅम्लिन कंपनीचा वंश. शाई साधी, रंगद्रव्य पाण्यात विरघळलेली. ओली असताना गडद लाल दिसते, वाळली की एक पायरी फिकट होते. पांढऱ्याशुभ्र झेरॉक्सच्या कागदावर रंग उठून दिसतो, तर पिवळसर वहीत विटकरीकडे झुकतो. तो कागदाचा रंग खालून मिसळतो म्हणून. त्यासाठी शाई बदलून उपयोग नाही.

खरा प्रश्न कागदाचा. शाळेच्या स्वस्त वहीचा कागद साधारण ५४ ते ६० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) असतो आणि त्याला खळ, म्हणजे शाई शोषू न देणारा पदार्थ, कमी असते. मग शाई तंतूंच्या वाटेने पसरते, म्हणजेच फुटते. देवनागरीत हे फुटणे ठरावीक जागी दिसते. काना शिरोरेषेला मिळतो तिथे एकाच जागी दोनदा शाई पडते आणि गाठ तयार होते. अनुस्वार देताना निब क्षणभर टेकते, टिंब फुगते आणि पान उलटल्यावर सगळ्यात आधी तेच दिसते. ‘क्ष’ आणि ‘ध’ची पोटे मीडियम निबने भरून जातात. पेपर तपासणाऱ्या शिक्षकांना मात्र फारसा त्रास नाही, कारण बरोबरची खूण आणि अधोरेखन हात न थांबता होते. गुणांभोवती गोल काढताना सुरुवातीला निब टेकवून विचार करत बसू नये, एवढेच. अशा वहीला फाइन निब आणि हलका हात हवा.

झेरॉक्सचा कागद त्यामानाने बरा, कारण त्याच्या पृष्ठभागावर स्टार्चची खळ असते. ८० जीएसएमवर रेघ स्वच्छ येते. ७० जीएसएमवर शाई मागे उतरली नाही तरी मागून दिसते, तेव्हा एकाच बाजूला लिहावे.

मार्केट यार्डातल्या आडतीवर वापरतात तसल्या जाड, चांगली खळ दिलेल्या खतावणीवर (हिशेबाच्या वहीवर) ही शाई सर्वात देखणी दिसते. ती कागदात मुरत नाही, वरच वाळते. त्यामुळे वाळायला वेळ लागतो आणि घाईने पान मिटले की समोरच्या पानावर उलटे आकडे उमटतात. इथे टिपकागद हवाच, आणि तो घासायचा नाही, नुसता दाबायचा. घामट तळव्याचा तेलकट डाग पडला असेल तिथे शाई धरत नाही. तळव्याखाली कागदाचा तुकडा ठेवावा. गुळगुळीत कॅलेंडरवर ही शाई वापरूच नये. पावसाळ्यात कागद दमट असतो, तेव्हा नेहमीच्या चांगल्या वहीतही शाई थोडी जास्त पसरते.

वही घेण्याआधी एक सोपी परीक्षा: शेवटच्या पानाच्या कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब ठेवा. लगेच शोषला गेला तर लाल शाई त्यावर फुटणार. थोडा वेळ मण्यासारखा राहिला तर खुशाल घ्या. (दुकानदाराला आधी विचारा.)

पाण्यापुढे ही शाई टिकत नाही. ओला हात फिरला की गुलाबी फराटा उमटतो. २०१९ चा महापूर पाहिलेल्या सांगलीत हे वेगळे सांगायला नको. दस्तऐवज, चेक, कायमच्या नोंदी यांसाठी ही शाई नाही. उन्हात राहिलेले लिखाण फिकट होते, तेही लक्षात ठेवावे.

पेनाचे म्हणाल तर लालसाठी एक पेन वेगळे ठेवावे. निळ्या शाईच्या उरलेल्या थेंबांवर लाल भरू नये. अनेक निळ्या शाया आम्ल असतात आणि लाल शायांत वापरली जाणारी इओसिनसारखी रंगद्रव्ये आम्लात साका होऊन बसतात; मग पेन चालता चालता बंद पडते. रंग बदलायचाच असेल तर साध्या पाण्याने तीन-चारदा धुवा, निब आणि जीभ (निबखालचा शाई पुरवणारा भाग) रात्रभर पाण्यात ठेवा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा धुवा. बोअरचे जड पाणी असेल तर शेवटचे धुणे फिल्टरच्या पाण्याने करा. गरम पाणी नको, एबोनाइटचा (पेनासाठी वापरतात त्या कडक रबराचा) रंग उडतो. पारदर्शक पेनाच्या पोटात गुलाबी छटा राहू शकते. तेवढी चालवून घ्यावी लागते.

शाई घट्ट वाटली म्हणून बाटलीत पाणी घालायची सवय जुनी आहे, पण वाईट. रंग उतरतो, बुरशी रोखणारा घटक पातळ होतो आणि फुटणे कमी होत नाही ते नाहीच. ड्रॉपरने भरायच्या पेनात शाई पाव भागाच्या खाली जाऊ देऊ नये. आत हवा वाढते, हाताच्या उबेने ती फुगते आणि उत्तरपत्रिकेवर नेमका लाल थेंब पडतो. एप्रिलच्या उकाड्यात तर हमखास.