जुना ३२-बिट प्रोग्राम वाइनवर चालवायचाय: प्रीलोडर, एएसएलआर बंद, रीबेस की नवीन वॉव६४?

लिनक्सवर वाइनमधून (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) जुना ३२-बिट विंडोज प्रोग्राम चालवताय आणि तो कधी नीट सुरू होतो, कधी लोड होतानाच पडतो, असं होत असेल तर मेमरीतल्या पत्त्यांची मारामारी हे एक कारण असू शकतं.

प्रत्येक ईएक्सईमध्ये (मुख्य प्रोग्रामची फाइल) आणि डीएलएलमध्ये (प्रोग्रामला लागणारी लायब्ररी फाइल) "मला इथे बसवा" असा पत्ता लिहिलेला असतो, ईएक्सईला बहुतेक वेळा हेक्स ४०००००, डीएलएलला लिंकरला (फाइल बांधून तयार करणारं साधन) वेगळं काही सांगितलं नसेल तर हेक्स १०००००००, म्हणजे दोन डीएलएलना एकच जागा हवी असणं अगदी नेहमीचं आहे. त्याने बिघडत काही नाही, लोडर (फाइल मेमरीत आणून बसवणारा भाग) दुसरीला हलवतो. पण हलवायला फाइलमध्ये रीलोकेशन टेबल (जागा बदलल्यावर आतले कोणते पत्ते सुधारायचे त्याची यादी) लागतं, आणि जुन्या ईएक्सईमध्ये ते बऱ्याचदा नसतंच, मग हवी ती जागा मिळाली तर ठीक, नाहीतर प्रोग्राम उठतच नाही. वाइनमध्ये त्यात भर अशी की लिनक्सच्या स्वतःच्या ३२-बिट लायब्रऱ्यापण त्याच ४ जीबीत येऊन बसतात, आणि एएसएलआरमुळे (सुरक्षेसाठी मेमरीतल्या जागा मुद्दाम बदलत्या ठेवण्याची सोय) दर वेळी वेगळ्या ठिकाणी. म्हणून कधी चालतं, कधी नाही.

जुन्या पद्धतीत यावर इलाज म्हणजे वाइन-प्रीलोडर. लिनक्सचा लोडर काही आणायच्या आधीच तो विंडोजला लागणाऱ्या जागा अडवून ठेवतो. बहुतेक प्रोग्रामना एवढं पुरतं आणि तुम्हाला काही करावं लागत नाही. अडचण जास्त मेमरी खाणाऱ्या गेम्सना, कारण ४ जीबीत दोन्हीकडचं सामान राहतं आणि सलग मोठी जागा मिळत नाही.

सेटआर्च कमांडने त्या एका प्रोग्रामपुरतं एएसएलआर बंद करता येतं. निदान करायला हे मला फार आवडतं, बंद केल्यावर प्रोग्राम दर वेळी सारखाच वागायला लागला तर संशय बरोबर जागी आहे. कायमचा उपाय म्हणून मात्र नको, सुरक्षा कमी होते आणि भांडण मिटत नाही, फक्त निकाल ठरलेला होतो, पडायचा असेल तर आता दर वेळी पडेल.

रीबेस म्हणजे डीएलएलमधला पत्ताच बदलायचा. यात लोक फसतात, कारण ज्या फाइलला रीलोकेशन टेबल नाही तिला रीबेस करताच येत नाही, आणि ज्या फाइलला आहे तिला लोडर तसाही हलवतोच. उपयोग एकाच ठिकाणी, हट्टी फाइलच्या जागेवर दुसरी डीएलएल येऊन बसत असेल तर त्या दुसरीला बाजूला सरकवायला. फाइलची डिजिटल सही मोडते, चेकसम बघणारे प्रोग्राम नाराज होतात, त्यामुळे अगदीच पर्याय नसेल तरच.

आता नवीन वॉव६४, म्हणजे ६४-बिट वाइनमध्ये ३२-बिट प्रोग्राम चालवायची पद्धत. वाइन ९.० जानेवारी २०२४ मध्ये आलं त्यात हा मोड प्रायोगिक म्हणून वापरण्याजोगा झाला, आणि मला विचाराल तर मुळावर घाव घालणारा हाच. प्रोग्राम ३२-बिटच राहतो पण प्रोसेस ६४-बिट, लिनक्सच्या लायब्रऱ्या ६४-बिट असल्याने ४ जीबीच्या वर राहू शकतात, खालची जागा जवळजवळ पूर्ण विंडोजच्या सामानाला. शिवाय सिस्टमवर ३२-बिट लिनक्स लायब्रऱ्यांचा ढीग ठेवायची गरज नाही, हे सुख वेगळंच! किंमत अशी की ९.० मध्ये ३२-बिट ओपनजीएल (३डी ग्राफिक्स काढायची एक पद्धत) हळू पडायचं कारण ग्राफिक्स ड्रायव्हरने ४ जीबीच्या वर दिलेली मेमरी खालच्या प्रोग्रामला दिसत नाही, कॉपी करावी लागते, आणि १६-बिट प्रोग्राम चालत नव्हते.

म्हणून ऑफिसचं, हिशोबाचं, जुनं मशीन चालवायचं सॉफ्टवेअर असेल तर सरळ वॉव६४ घ्या. ओपनजीएलवरचा जड गेम असेल तर दोन्हीवर चालवून बघा, आणि जुन्यावर धड चालत असेल तर तिथेच राहू द्या. वाइन ९.० वर १६-बिट इन्स्टॉलर चालवायचा असेल तर आधी जुनी पद्धत. एक लक्षात ठेवा, फक्त ३२-बिट म्हणून बनवलेला प्रीफिक्स (वाइन ज्यात विंडोजची सी ड्राइव्ह आणि सेटिंग्ज ठेवतं तो फोल्डर) नवीन मोडमध्ये चालत नाही, नवा बनवावा लागतो, तेव्हा जुन्यातल्या डेटा फाइल्स आधी बाहेर काढून ठेवा.