६२५ ची अँटिबायोटिक गोळी: काम चोख, पोटाचे मात्र हाल

ऑगमेंटिन म्हणा, क्लॅव्हम म्हणा, आत माल तोच, ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन आणि १२५ मिलिग्रॅम क्लॅव्युलॅनिक अ‍ॅसिड, म्हणून ६२५. त्यामुळे हा रिव्ह्यू कुठल्या ब्रँडचा नाही, औषधाचा आहे.

मला दिली होती मांजर चावलं म्हणून. सोसायटीतल्या बोक्याने अंगठ्याखाली दात रोवले, बाहेरून बघितलं तर सुई टोचल्यासारखी दोन भोकं, पण दुसऱ्या दिवशी हात असा टम्म सुजला की मूठ मिटेना. डॉक्टर म्हणाले मांजराचे दात बारीक, जंतू खोलवर जातात, वरून जखम लगेच मिटते आणि आत पू होतो. रेबीजची इंजेक्शनं वेगळी चालू केली (ती या गोळीने टळत नाहीत हां) आणि ही सकाळ-संध्याकाळ. सायनस, कान, दाढेचं गळू यालाही बऱ्याचदा हीच देतात, कारण नुसत्या अमॉक्सिसिलिनला बरेच जंतू आता दाद देत नाहीत, ते बीटा लॅक्टमेज नावाचं एन्झाइम सोडून औषधच फोडून टाकतात. क्लॅव्युलॅनिक स्वतः फारसे जंतू मारत नाही, ते त्या एन्झाइमलाच अडकवून ठेवतं, मग अमॉक्सिसिलिनला रान मोकळं! १९८१ पासून ही जोडी बाजारात आहे आणि अजून चालतेय, म्हणजे बघा.

सूज उतरली, हात कामाला लागला, त्याबद्दल पूर्ण मार्क. पण गोळी केवढी ती, घशात अडकते की काय वाटतं, वास उग्र, आणि जुलाब! हे बरचसं क्लॅव्युलॅनिकमुळेच होतं म्हणे. जेवायला बसताना पहिल्या घासाबरोबर घेतली की पोटाला जरा बरं पडतं आणि औषधही नीट लागू होतं. पट्टीतून आधीच काढून डबीत भरून ठेवू नका, ओल लागली की खराब होते. आणि ६२५ मिळाली नाही म्हणून ३७५ च्या दोन घ्यायच्या, हा हिशोब करू नका, त्यात क्लॅव्युलॅनिक डबल जातं.

सर्दी झाली की मेडिकलमध्ये जाऊन "ती ६२५ द्या" म्हणणाऱ्यांचं मला खरंच कळत नाही, सर्दी व्हायरसने होते, ही गोळी तिला काही करत नाही, फुकट जुलाब मात्र पदरात. पट्टीवरची लाल रेघ, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका ही खूण, काय शोभेला आहे का? पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरला आधीच सांगा, आणि डोळे पिवळे किंवा लघवी गडद दिसली, कोर्स संपल्यानंतर काही आठवड्यांनी का होईना, तरी लगेच दाखवून या.