चार वर्षांचं पोर आणि नऊ वर्षांचं: दाताच्या खुर्चीत बोलायचं कसं?

मालवण-वेंगुर्ल्याकडे मूल घरातूनच ऐकून येतं, "गप बस, नायतर डॉक्टर सुई टोचतलो!" तिथेच निम्मं काम बिघडतं.

चार वर्षांच्याला 'सांगा-दाखवा-करा' लागू पडतं. ही पद्धत 1959 पासूनची. दात घासून स्वच्छ करणारा फिरणारा रबरी कप काय करतो ते आधी सांगा, मग त्याच्या नखावर टेकवून गुदगुली दाखवा आणि लगेच दातावर लावा. मध्ये वेळ गेला की भीती परत येते. वाक्यं पाच-सहा शब्दांची. "दुखणार नाही" म्हणू नका, त्याला 'दुखणार' एवढंच ऐकू येतं. आई नजरेसमोर असावी, पण बोलणारा एकच.

नऊ वर्षांच्याला ड्रिलला 'शिट्टी' म्हटलंत तर तो चिडेल, आणि बरोबरच आहे. त्याला कारण हवं: आरशात कीड दाखवा, जत्रेतलं खाजं दाढेच्या खाचेत कसं चिकटतं ते सांगा. डावा हात वर केला की थांबायचं, असं ठरवा आणि खरंच थांबा. एकदा जरी दुर्लक्ष केलंत, तर तो इशारा संपला. भूल दिल्यावर ओठ दोन-तीन तास जड राहील, चावू नकोस, हे आईला नाही, त्यालाच सांगा.