दूरचा किनारा: ओल्यावर ओलं की थरावर थर?

जलरंगात समुद्रकिनारा रंगवताना दूरचं फिकं केलं की खोली आली, असं आपण धरून चालतो. ते अर्धंच खरं. डोळा आणि दूरचा डोंगर यांच्यामधली हवा आणि बाष्प प्रकाश विखुरतात, म्हणून डोंगर निळसर दिसतो. पण त्याच्या अंगावरचा उजेड-सावलीचा फरकही मिटतो आणि कडा मऊ होतात. पद्धत निवडायची ती या कडा बघून.

धुकं, पावसाची सर, आकाश-पाणी एक झालेली सकाळ असेल, तर ओल्या कागदावर ओला रंग. कड आपोआप विरते. अडचण वेळेची. कागद चकाकतोय तोवर रंग वाटेल तिकडे पळतो. चकाकी मावळून नुसता ओलसरपणा उरला की मऊ पण ओळखू येईल असा आकार मिळतो. त्या क्षणी ब्रशमध्ये कागदापेक्षा जास्त पाणी असेल तर कोबीच्या फुलासारखा डाग उमटतो (माझ्या चित्रात हटकून क्षितिजावरच). वाळल्यावर रंग फिका पडतो, तेव्हा ओला असताना जरा गडदच हवा. आणि कागद 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम, म्हणजे जाड), सुती. पातळ कागद फुगतो, खळग्यांत पाणी साचतं.

एकामागे एक भूशिरं दिसत असतील तर मात्र थर. सगळ्या डोंगरांवरून एक फिका निळा वॉश (पाणीदार रंगाचा पातळ थर), तो पूर्ण वाळू द्यायचा. मग सर्वांत दूरचं भूशिर सोडून बाकीच्यांवर दुसरा, असं पुढे पुढे येत जायचं. अल्ट्रामरीन हा निळा रंग ओल्या ब्रशने पुन्हा उठतो, म्हणून वरचा हात एकदाच, हलका. थॅलो ब्लू कागद धरून बसतो, पण इतका जहाल की दूरचा डोंगरच पुढे येतो. अल्ट्रामरीनमध्ये किंचित बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी) घालून केलेला राखाडी निळा मला जास्त भरवशाचा वाटतो. थरांचा खरा दोष म्हणजे डोंगर कात्रून चिकटवल्यासारखे दिसतात. प्रत्येकाचा पायथा, रंग ओला असतानाच, स्वच्छ ओलसर ब्रशने विरवला की पाण्यालगतची वाफ दिसू लागते.

नवशिक्याने थरांपासूनच सुरुवात करावी. चुकलं कुठे ते तिथे कळतं तरी. मी स्वतः आकाश आणि दूरचं पाणी ओल्यावर ओलं उरकतो, कागद वाळवतो आणि भूशिरं थरांत घेतो. जवळचे खडक सगळ्यात शेवटी, घट्ट रंगात, कोरड्या ब्रशने.