विमानाच्या इंधन टाकीतल्या नटाचं सेफ्टी बुलेटिन आणि त्यासोबतचं दुरुस्तीचं पाकीट: काम पूर्ण केल्यावरचा अनुभव

माझं विमान मी सुट्या भागांचं किट घेऊन स्वतः बांधलंय. त्याच्या इंधन टाकीतला एक नट सैल होऊ शकतो, तो तपासून लॉक करा, असं सांगणारं किट कंपनीचं हे बुलेटिन आलं तेव्हा मी ते वाचून बाजूला ठेवलं होतं. विमान छान उडत होतं, गळती नव्हती, पंखाखाली निळा डाग नव्हता (एव्हगॅस 100एलएल, म्हणजे विमानाचं पेट्रोल, गळून सुकलं की निळा डाग मागे राहतो, त्यावरून लगेच कळतं). पण हा दोष बाहेरून दिसणाराच नाहीये. म्हणून सविस्तर लिहितोय, ज्यांनी अजून टाकी उघडली नाही त्यांच्यासाठी.

आधी मामला काय ते. लो-विंग, म्हणजे खाली पंख असलेल्या, विमानात पंखातल्या टाक्या इंजिनच्या खाली, त्यामुळे पंप इंधन ओढून घेतो. टाकीच्या आत एक नळी तळापर्यंत जाते, पिकअप ट्यूब, आणि ती फ्लेअर नटने बसवलेली असते (फ्लेअर म्हणजे नळीचं कर्ण्यासारखं पसरवलेलं टोक, ते हा नट दाबून धरतो). हा नट सैल झाला तरी थेंबभर इंधन बाहेर येत नाही, कारण नट टाकीच्या आतच आहे ना. टाकी भरलेली असेल तर तो इंधनात बुडालेला, तेव्हाही काही कळत नाही. पातळी नटाच्या खाली गेली की मात्र पंप त्या फटीतून हवा ओढायला लागतो, आणि गेज इंधन दाखवत असताना इंजिन अडखळतं. म्हणजे बहुतेक वेळा प्रवासाच्या शेवटी, उंची कमी करून उतरायला निघालो असताना.

बुलेटिनमधली आकृती खरंच उत्तम आहे. आतली रचना एका नजरेत कळते, कुठल्या टाक्यांना हे लागू आहे तेही स्पष्ट लिहिलंय. पाकिटात नटाच्या षटकोनावर बसणारी लॉक पट्टी, सेफ्टी वायर, स्क्रू आणि कॉर्कचं गॅस्केट आलं. पट्टी इतकी नेमकी बसली की नट फिरायला जागाच उरली नाही, याला पूर्ण मार्क. सीलंट (सांधे बंद करणारा लेप) दिलेलं नाही, पण ते ठेवून ठेवून खराब होतं म्हणून ताजंच घ्यावं लागतं, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती सुरक्षेच्या सूचनांबद्दल. "टाकी रिकामी करा" एवढं एकच वाक्य! अहो, नुकती रिकामी केलेली टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, कारण आत वाफ आणि हवेचं मिश्रण असतं आणि ती वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरत जाते. मी विमान उघड्यावर नेलं, स्थिर विजेची ठिणगी पडू नये म्हणून टाकी आणि डबा बाँडिंग वायरने जोडून इंधन काढलं, झाकणं उघडी ठेवून पूर्ण दिवस वारा लागू दिला. ब्रशवाल्या मोटरचं ड्रिल नाही, हीट गन तर अजिबात नाही. जुनं सीलंट प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने खरवडून काढलं, एका झाकणाला अख्खी संध्याकाळ गेली, पण घाई केली असती तर पत्रा वाकला असता.

डाव्या टाकीचा नट घट्ट निघाला. उजव्याचा बोटाने फिरला, जवळजवळ पाव फेरा. मी तसाच हात आत ठेवून उभा राहिलो. हा नट मीच आवळला होता, आणि त्या टाकीवर मी माझ्या मुलीला घेऊन कितीतरी वेळा उडलोय.

इथे बुलेटिन म्हणतं, टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळायच्या पान्याने) आवळा. माझं म्हणणं, आधी नट सोडून फ्लेअर बघा. जास्त आवळल्याने फ्लेअर पातळ होतो, तडकतो. विमानाचं फिटिंग 37 अंशांचं असतं आणि गाड्यांचं 45 अंशांचं, ही सरमिसळ झाली असेल तर कितीही आवळा, नीट बसणार नाही. आणि फ्लेअरवर टेफलॉन टेप लावू नका, तिथे धातूवर धातूच बसायला हवा, टेपचे तुकडे फिल्टरमध्ये जातात. माझा फ्लेअर एका बाजूने घासला होता, मी नळीच नवीन केली.

कॉर्कचं गॅस्केट मला पटलं नाही, मी झाकण पॉलिसल्फाइड सीलंटने बसवलं. वजनाने 10 भाग सीलंटला 1 भाग हार्डनर असं मिश्रण, तेही काट्यावर मोजून, अंदाजाने नाही. मग 3 दिवस हात लावला नाही.

लीक टेस्टला फुगा लावा असं लिहिलंय ते बरोबर, पण दाबाची मर्यादा द्यायला हवी होती. 1 पीएसआय पुरे, म्हणजे पाण्याचा साधारण 70 सेंटीमीटर स्तंभ, कॉम्प्रेसर थेट जोडला तर टाकी फुगून शिवणी उसवतील. रात्री गारव्याने फुगा लहान होतो, तेवढ्यावरून घाबरू नका, स्क्रूंभोवती साबणाचं पाणी लावून बघा.

फ्लो टेस्टचा, म्हणजे इंजिनपर्यंत पुरेसं इंधन पोहोचतं का ते मोजण्याचा, तर उल्लेखच नाही! नाक चढाईच्या कोनात वर ठेवून मोजा, पंपाच्या सिस्टिमला टेकऑफला लागतं त्याच्या 125 टक्के, पंपाशिवाय वरच्या टाकीतून आपोआप इंधन येणाऱ्या ग्रॅव्हिटी सिस्टिमला 150 टक्के. टाकी रिकामी आहेच तर 10-10 लिटर ओतत गेजही पुन्हा जुळवून घ्या.

सगळ्यात जास्त खटकलं ते वेगळंच. बुलेटिन फक्त मूळ किट घेणाऱ्याला पाठवलंय. दुसऱ्याने बांधलेलं विमान ज्यांनी विकत घेतलं त्यांना कोण सांगणार? कंपनीला मी हे लिहून कळवलंय. तुमचं विमान असं घेतलेलं असेल तर किट नंबर देऊन स्वतःच विचारा.

एकूण आकृती आणि पार्ट्ससाठी पाचपैकी पाच, सूचनांसाठी दोन.

पहिलं उड्डाण एकट्याने केलं. टेकऑफ डाव्या टाकीवर, रनवेच्या डोक्यावर उंची घेतली आणि मग सिलेक्टर (कुठल्या टाकीतून इंधन घ्यायचं ते ठरवणारा खटका) उजवीकडे. घिरट्या घालत राहिलो, गेज पाव टाकीच्या खाली गेला, फ्युएल प्रेशरचा काटा जागचा हलला नाही.