टॉप फ्लोअरचा तापणारा फ्लॅट आणि आर्किटेक्टची सर्व्हिस – दोन उन्हाळ्यांनंतरचा रिव्ह्यू

आमचा फ्लॅट नागपुरात, तिसऱ्या म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर, बिल्डिंग १९९६ ची, हॉल आणि मागची बेडरूम दोन्ही पश्चिमेला. ज्यांनी नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते सगळ्यात तापणारे नऊ दिवस, असा वरच्या मजल्यावर काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको, रात्री ११ ला नळाला गरम पाणी आणि पंखा लावला की छताची धग अंगावर. सासूबाई ७४ वर्षांच्या, मागच्या रूममध्ये त्यांना झोपच लागायची नाही, म्हणून दुसरा एसी घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं. तेवढ्यात ओळखीतून कळलं की जुनीच घरं उन्हासाठी सुधारून देणाऱ्या एक आर्किटेक्ट आहेत.

मला सगळ्यात जास्त आवडली ती त्यांची पहिली व्हिजिट. आम्ही सकाळची वेळ दिली तर म्हणाल्या सकाळी येऊन काय कळणार, दुपारी ३ ला येते आणि रात्री १० ला परत येते. कोरोनात गेटवर धरायचे तशी दिसणारी टेम्परेचर गन होती, दुपारी गच्चीचा कोबा ६१ डिग्री दाखवला आणि रात्री १० ला बाहेरची हवा ३५ असताना बेडरूमचं छत आतून ४१! मला म्हणाल्या भिंतीला हात लावून बघा, पश्चिमेची भिंत चुलीजवळच्या ओट्यासारखी गरम. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री तेच आपल्यावर सोडतो, एसी त्या स्लॅबशीच भांडत बसतो, हे इतकं सोपं करून आजवर कोणी सांगितलं नव्हतं. आधी एक जण पीओपीची फॉल्स सीलिंग करा म्हणून मागे लागला होता, त्यावर त्यांचं म्हणणं असं की ऊन बाहेरच अडवायचं, आत आल्यावर झाकून फार उपयोग नाही.

मग काम काय केलं तर गच्चीवरच्या कोब्याच्या भेगा भरून वरून पांढऱ्या रिफ्लेक्टिव्ह कोटिंगचे दोन हात. अहमदाबादेत जुन्या घरांच्या गच्चीवर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचं चायना मोझॅक असतं ना, तत्त्व तेच, आणि तेलंगणाने तर २०२३ मध्ये कूल रूफची पॉलिसीच आणलीये. खिडक्यांना आतले जाड पडदे होते ते राहू दिले पण काचेच्या बाहेरून बांबूच्या चिका लावल्या, कारण काच ओलांडून ऊन आत आलं की पडदा स्वतःच तापतो. आणि आधीच्या मालकाने काच लावून बंद केलेले बाथरूम-किचनचे व्हेंटिलेटर उघडून जाळी बसवली. आता कूलर लावला की हवेला बाहेर जायला वाट आहे, त्यामुळे कूलर असूनही होणारी ती चिकचिक बरीच कमी झाली. रात्री ९ नंतर सगळ्या खिडक्या उघडायच्या आणि सकाळी ८ च्या आत बंद करून चिका सोडायच्या, ही सवय मात्र घरातल्या प्रत्येकाला लावावी लागते, आमच्याकडे ती जबाबदारी सासूबाईंनी घेतलीये आणि त्या एक दिवस चुकत नाहीत.

आता तक्रारी. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संपणारं काम २६ तारखेला संपलं. त्यांनी आणलेल्या ठेकेदाराच्या माणसांनी दुसरा हात पाणी जास्त घालून मारला, "ताई मारले ना दोन हात" म्हणत राहिले, पण पहिल्याच पावसाळ्यात टाकीच्या कोपऱ्यात पापुद्रे सुटले. फोन केल्यावर आर्किटेक्टबाई स्वतः येऊन उभ्या राहिल्या आणि तेवढा भाग पैसे न घेता परत करून दिला, हे पण सांगायलाच पाहिजे. सोसायटीची परवानगी मात्र आपली आपणच काढा, खालच्या मजल्यावाल्यांना काही फायदा नसल्याने त्यांनी वर्गणी दिली नाही, आणि त्यात त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही.

फरक किती? या मे मध्ये त्याच वेळेला त्याच जागेवर गच्ची ४४, बेडरूमचं छत रात्री १० ला ३६. घर थंडगार झालं असं कोणी समजू नका, ४५ डिग्रीच्या दिवशी दुपारी कूलर लागतोच, आणि जूनमध्ये पावसाआधीचा जो दमटपणा येतो त्याला यातलं काहीच पुरं पडत नाही. पण सासूबाई मागच्या रूममध्ये झोपतात आणि दुसरा एसी घेतला नाही.

खर्च फीसकट ६४ हजार, त्यात ८५० स्क्वेअर फूट गच्चीचाच जवळपास अर्धा. करणार असाल तर फेब्रुवारीतच बोलवा, आणि कोटिंगचे डबे तुमच्यासमोर उघडायला लावा, पाणी किती घालायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं. पांढऱ्यावर धूळ बसली की ते कमी काम करतं, आम्ही होळी झाली की गच्ची नुसत्या पाण्याने आणि मऊ झाडूने धुतो, आणि कुरडया-पापड वाळवायला खाट टाकतो, दगड ठेवून प्लास्टिक पसरवत नाही, ओरखडे पडतात.